तांदळात पुसलेलं नाव

मंडळी, ऐका. कथेच्या आधी एक प्रश्न टाकतो. नाव कुणाचं असतं? ज्यानं ठेवलं त्याचं, की ज्यानं अंगावर घेऊन जन्म काढला त्याचं? घाई नको. आमचे पेटीवाले मान डोलावतायत, त्यांना उत्तर येतंय असं समजू नका — कानाशी डास आहे.

हसा, हसा. पण प्रश्न गाठीला बांधा, शेवटी मी परत विचारणार आहे.

तर कोरेगव्हाण म्हणून एक गाव. तिथं विष्णू हेंद्रे मास्तर. शाळेतून निवृत्त झाले, पण एक नाद काही सुटला नाही — नावं जुळवायचा! कुणाकडे पाळणा हलला, की माणूस पेढा घेऊन मास्तरांच्या दारात. मास्तर विचारणार, "बापाचं नाव?" मग डोळे मिटणार, दोन वेळा पुटपुटणार, आणि असं नाव काढणार की पुढे बाळाचं, मागे बापाचं, दोन्ही एका दमात म्हणावंसं वाटावं. "वसुदेवाच्या पोराचं नाव कृष्ण, हे कुणीही सांगेल," म्हणायचे. "बापाचं नाव बबन असेल तर जुळवून दाखवा. तिथं कसब लागतं."

आणि नुसती बाळंच नाहीत हो. नवी सून आली, की तिलाही जुळवायचं! नवरा शंकर? सून पार्वती. नवरा चंद्रकांत? सून रोहिणी. माहेरचं नाव काय होतं? असेल काहीतरी! तांदळाचं ताट येतं, नवरा सोन्याची अंगठी धरतो, तांदळात नवं नाव लिहितो, साखर वाटतात. इथं बसलेल्या निम्म्या माउलींची नावं अशीच ताटातून आली आहेत. खोटं असेल तर सांगा.

मास्तरांचं घर म्हणजे तर काय विचारता. स्वतः विष्णू, म्हणून बायको लक्ष्मी. मुलगी वैजयंती, विष्णूच्या गळ्यातली माळ. मुलगा अनिरुद्ध. म्हशीचं नाव कामधेनू. दूध दीड लिटर.

अनिरुद्धानं लग्न जमवलं आपलं आपण. कॉलेजातली मुलगी, केतकी. मास्तर मोठ्या मनाचा माणूस, जातपात विचारली नाही, हुंडा नको म्हणाले. अट एकच. "अनिरुद्धाला उषाच पाहिजे. पुराणात बघ. उषेनं त्याला स्वप्नात पाहिलं आणि जीव टाकला. उषा अनिरुद्ध! याहून गोड जोडी दाखव मला."

ताट आलं. अनिरुद्धानं अंगठी धरली आणि चार वर्षांच्या सवयीनं तांदळात 'के' काढला. मास्तरांनी हसत हसत तळहात फिरवला, तांदूळ सारखे केले, म्हणाले, "अरे, 'उ' काढ." सगळे हसले. केतकीही हसली. तिला वाटलं, नावच तर आहे, त्यात काय एवढं!

तीन वर्षं गेली. उषा उषा म्हणून गावानं हाक मारली, ती ओ देत राहिली. पण खोलीचं दार लोटलं की अनिरुद्ध हळूच म्हणायचा, केतकी. स्वतःच्या लग्नाच्या बायकोला चोरून हाक मारायची वेळ आली, बघा!

मग दिवस गेले, नऊ महिने भरले. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. बाळंतपण अवघड गेलं. मुलगी झाली, रडली, ठणठणीत! पण आईला भूल दिलेली, ती काही डोळे उघडेना. सिस्टर गालावर थोपटतायत — "उषा, अगं उषा, डोळे उघड." काही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जागी राहायला हवी, बोलत राहा तिच्याशी." परत उषा, उषा. हूं नाही की चूं नाही.

बाहेरून अनिरुद्धाला आत घेतलं. तो वाकला. मास्तर दारात उभे होते. बापासमोर, सगळ्यांसमोर, तो मोठ्यानं म्हणाला, "केतकी!"

पापणी हलली. "केतकी, मुलगी झाली आपल्याला." आणि तिनं डोळे उघडले, मंडळी. ज्या नावानं पंचवीस वर्षं झोपेतून उठली, त्याच नावानं ती परत आली.

घरी आल्यावर अनिरुद्ध वडिलांसमोर बसला. म्हणाला, "आप्पा, पोरीचं नाव तुम्ही काढा, मला चालेल. आडनाव आपलं आहेच. पण मधलं नाव तिच्या आईचं लागणार. केतकी."

मास्तर उठूनच बसले. "बाप जिवंत असताना मध्ये आईचं नाव? लोक काय विचारतील, कळतं का तुला? पोरीचा बाप कुठं गेला म्हणून विचारतील."

"मी सांगेन, इथंच आहे, पाळणा हलवतोय."

"मी वैदेही काढलंय. वैदेही अनिरुद्ध हेंद्रे. म्हणून तर बघ एकदा."

"आप्पा, एक विचारू? लक्ष्मीनारायण तुम्हीच शिकवलंत. सीताराम, राधाकृष्ण. तिचं नाव आधी, त्याचं नंतर. पण मला सांगा, नारायणानं लक्ष्मीचं नाव बदललं होतं का हो? रामानं तांदळात काय लिहिलं?"

पस्तीस वर्षं पोरांना प्रश्न विचारले, आज पोरानं त्यांना विचारला. पण हट्ट मोठा. म्हणाले, "बारशाला वैजयंती कानात वैदेही अनिरुद्ध सांगेल. नाहीतर मी बारशाला नाही."

केतकी आतल्या खोलीत बाळाला पाजत होती. तिनं सगळं ऐकलं. अनिरुद्ध आत आला तेव्हा एवढंच म्हणाली, "भांडू नका. मला फक्त एवढं वाटतं, ही मोठी होऊन शाळेत नाव लिहील, तेव्हा मी त्यात कुठंतरी असावी."

बस. एवढंच मागणं. फार आहे का, सांगा.

बारावा दिवस उजाडला. पाळण्याला झेंडूच्या माळा, घुगऱ्या शिजल्या, गावातल्या बाया जमल्या. मास्तर आले! रुसून खुर्चीवर बसले, तोंड भिंतीकडे, पण आले. नातीचं बारसं, सुटतंय होय?

बाळाला पाळण्याखालून-वरून देऊन-घेऊन झालं. आता आत्याचा मान. वैजयंती वाकली. एका कानात बापाचा हुकूम, दुसऱ्या कानात भावाची विनवणी, काय करणार बिचारी? ती वाकली ती वाकलीच. बायांना वाटलं नाव सांगून झालं, घातले पाठीत धपाटे! "अगं थांबा," ती ओरडली, "अजून सांगितलंच नाही!"

हशा पिकला. वैजयंती सरळ उभी राहिली, पाठ चोळली, आणि आईकडे वळली.

"आई, तू लग्नाआधी कोण होतीस गं?"

लक्ष्मीबाईंच्या हातात घुगऱ्यांची परात. त्या थांबल्या. "आता कशाला ते?"

"सांग ना. चाळीस वर्षांची झाले मी, मला माझ्या आईचं नाव माहीत नाही."

लक्ष्मीबाईंनी परात खाली ठेवली. म्हणाल्या, "राहू दे गं. त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही. आई गेली, भाऊ गेले. मीच विसरत चालले." पदर डोळ्याला गेला आणि बायांचेही पदर वर गेले. एकेकीला आपलं आपलं काही आठवलं असणार.

आणि भिंतीकडून आवाज आला. मऊ.

"मंजुळा."

मास्तर! तोंड अजून भिंतीकडेच. परत म्हणाले, "मंजुळा."

आणि लक्ष्मीबाईंच्या तोंडून, विचार करायच्या आत, निघून गेलं, "ओ."

मास्तर वळले. रडत होते, मंडळी, अख्ख्या गावाची नावं जुळवणारा माणूस. म्हणाले, "तुला बघायला आलो होतो. मी ओसरीवर, तू मागे विहिरीवर. तुझ्या आईनं हाक मारली, मंजुळा, पाणी आण. तू दिसायच्या आधी, नुसतं नाव ऐकून मी मनात हो म्हणालो होतो. आणि विष्णूला लक्ष्मी शोभते म्हणून तेच नाव माझ्या हातानं घालवलं. त्रेचाळीस वर्षं जिभेवर होतं, हाक मारली नाही."

लक्ष्मीबाई म्हणाल्या, "मारायची होतीत की. मी कुठं लांब गेले होते?"

मास्तर उठले. "तांदळाचं ताट आणा," म्हणाले. आणलं. बोटातली अंगठी काढली आणि तांदळात लिहिलं, मंजुळा. मग सुनेसमोर गेले. तिच्या हातात अंगठी दिली. "मी पुसलं होतं, बाळ. तू लिही."

तिनं लिहिलं. एकेक अक्षर, सावकाश. केतकी. पुढे हेंद्रे कुणी लिहिलं? अनिरुद्धानं. ताटभर नाव झालं!

मास्तरांनी डोळे मिटले, दोन वेळा पुटपुटले. "मंजुळा केतकी हेंद्रे. मंजुळा केतकी..." आणि मांडीवर थाप मारली. "जुळलं! जन्मात असं जुळलं नाही!"

वैजयंती वाकली, नाव कानात सांगितलं, आणि बायांनी परत धपाटे घातले, आधीचे पकडून दुप्पट. पोरगी पाळण्यात जांभई देत होती. आजी पाळण्याला, आई पाळण्याला, आणि दोघींची नावं मध्ये झोपलेली. साखर साऱ्या गावाला वाटली.

आता तुमच्याकडे येतो. पळू नका. नाव कुणाचं असतं? पुरुष मंडळी, खाली काय बघताय? आईचं माहेरचं नाव ज्याला येतं, त्यानं हात वर करा. एक... दोन... अहो, देवाची हजार नावं पाठ आहेत तुम्हाला! जिनं जन्म दिला तिचं एक नाही? आज घरी जा आणि विचारा. आणि विचारून थांबू नका, हाक मारा. बघा कशी ओ येते.

देवाचा गजर नंतर. तो काही रुसत नाही, आपल्या आधी लक्ष्मीचं नाव ऐकायची त्यालाही सवय आहे. आधी माझ्या माउली. ज्यांची नावं ताटात पुसली, त्यांनी आज या देवळात आपलं पहिलं नाव मोठ्यानं सांगायचं. लाजायचं नाही. हं, खांबाशी बसलेल्या आजी, तुमच्यापासून. काय? ऐकू नाही आलं. परत.

"सोनकी!"

वा! मृदंगवाले, द्या थाप. पुढची?

"पारू!"

"हिरा!"

"अंबू!"

चालू द्या, चालू द्या, कळसापर्यंत जाऊ द्या!