कपाळाला कपाळ

बाई : नाही मामा, मी काही या खोलीतून परत सभागृहात जात नाही. सांगा त्या मुलांना, बाईंचा घसा बसला.

मामा : घसा तर खणखणीत आहे. माझ्यावर ओरडताय की!

बाई : शेवटच्या रांगेत तिघं घोरत होते. घोरत! वीस वर्षं विद्यापीठात ध्वनी शिकवतेय, पण असा अपमान कुणी केला नव्हता.

मामा : मोठी पोरं उघड्या डोळ्यांनी झोपतात, एवढाच फरक. आणि बाई, लहान मुलांपुढे ‘अनुदैर्घ्य तरंग’? तेही सोळा वेळा?

बाई : मग काय म्हणू?

मामा : मी प्रयोगशाळेतले नादकाटे पुसणारा माणूस, मला काय विचारता? पण मध्यंतर संपायला सात मिनिटं उरलीत. आणि आज मुलं रमली नाहीत, तर मुलांची व्याख्यानं बंद, असं कुलगुरू म्हणालेत.

बाई : धन्य आहे! धीर द्यायला आलात की घाबरवायला?

मुलगी : काका, इथे पाणी आहे का?

मामा : ये, आत ये. तो बघ नळ. व्याख्यानाला आलीयेस ना? कसं वाटलं?

मुलगी : खरं सांगू?

बाई : सांग बाई, आता काय राहिलंय!

मुलगी : खुर्च्या छान आहेत. उठलं की आपोआप मिटतात.

बाई : मामा, हसू नका.

मुलगी : मी प्रश्नासाठी हात वर केला होता. पण तुम्ही फळ्याशीच बोलत होतात.

बाई : चुकलंच माझं. आता विचार.

मुलगी : माझ्या आजीला ऐकू येत नाही. कानाशी ओरडलं तरी नाही. पण तिच्या कपाळाला कपाळ लावून मी गुणगुणले, की ती बरोबर गाणं ओळखते. कसं काय?

बाई : मामा, मोठा नादकाटा द्या! हं, हा मी आपटला. आता याचा दांडा तुझ्या कोपराच्या हाडावर टेकवते. तू त्याच हाताच्या बोटाने कान बंद कर आणि बोट तसंच धरून ठेव. काय होतंय?

मुलगी : अय्या! हातातून आवाज येतोय!

बाई : हाडातून. कधीकधी कानाची बाहेरची वाट बंद पडते, पण आतलं घर शाबूत असतं. तुझा आवाज मागच्या दाराने आत जातो.

मुलगी : मग हेच सांगा ना सगळ्यांना!

बाई : सांगत नाही, करायलाच लावते. आजी कुठे आहे तुझी?

मुलगी : बाहेर बाकावर. आत येऊन काय करू, म्हणाली.

बाई : आण तिला. हाताला धरून, पहिल्या रांगेत.

(तासाभराने. त्याच खोलीत.)

मामा : बाई, कुलगुरू दारातून डोकावले तेव्हा दोनशे पोरं कपाळाला कपाळ लावून गुणगुणत होती. म्हणाले, हा काय प्रकार?

बाई : मग? तुम्ही काय म्हणालात?

मामा : त्यांच्या कोपरावर नादकाटा टेकवला. आता पुढच्या रविवारी नातवाला घेऊन येतायत.

मुलगी : बाई, आम्ही निघालो. आजीने निरोप दिलाय.

बाई : मी नादकाटा लावला आणि मग कपाळाला कपाळ टेकवून बोलले, तेव्हा रडत होती ती. दुखलं का गं तिला?

मुलगी : नाही. ती म्हणाली, किती वर्षांनी कुणीतरी माझ्याशी हळू बोललं.