जाळीचा सोडलेला कोपरा

मी, परेश धनेश तांडेल, वय १८ वर्षे, धंदा मच्छी मार्केटमध्ये बर्फ फोडणे व पाट्या वाहणे, शिक्षण नववी अर्धी, राहणार कोळीवाडा, पनवेल. पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, समोर बसून, विचारलं तसं सांगतो की,

वरील पत्त्यावर मी आईवडिलांसोबत राहतो. वडील जासईला कंटेनर यार्डात कामाला हायत. आई रंभा ही मामांच्या गाळ्यावर मच्छी विकते. मामा म्हंजे दयाराम पोशा कोळी, वय ५२, बाहेर बाकावर भुवईला पट्टी लावून बसलेत ते. मी पण त्यांच्याकडंच कामाला हाय. शाळा का सोडली असं जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार मॅडमनी विचारलं. कारण तसं काय नाय. वर्गात उभं राहून बोलायला लागायचं.

मॅडमनी मला आधीच सांगितलं की तू बोलशील तसंच मी लिहीन, फक्त मोठ्यानं बोल. मी प्रयत्न करतोय.

मी आमच्या कोळीवाड्याच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर हाय. बाकावर मामांच्या शेजारी बसलेत, चष्म्याला चिकटपट्टी लावलेले, ते उदयसिंह इंगवले सर. वय ४८, नोकरी बेलापूरला विम्याच्या ऑफिसात, राहणार नवीन पनवेल, मूळचे कोल्हापूरचे. त्यांचं आमच्या टीमशी नातं काय असं विचारलं. नातं काय नाय. डॉक्टरनं त्यांना संध्याकाळी चालायला सांगितलेलं. चालत चालत ते आमच्या मैदानाजवळ आले, मी बॉल अडवताना दिसलो म्हणून थांबले. ते अजून थांबलेलेच हायत.

रोज प्रॅक्टिस झाली की माझ्या गोलच्या मागच्या कट्ट्यावर मामा आणि सर बसतात. सर थर्मासमधून चहा आणतात, मामा चणे. दोघं माझ्याबद्दल बोलतात. मी तिथंच पाण्याची बाटली घेऊन बसलेला असतो. मला कोण काय विचारत नाय, आणि मला पण ते बरं पडतं.

गणपतीनंतर एका मॅचला मी गोलची लाईन सोडून पुढं गेलो आणि बॉल डोक्यावरून आत गेला. तिथपासून मी लाईन सोडायला घाबरतो, आणि तिथपासून या दोघांचा वाद चालू हाय. सर म्हणायचे, "पोरगं लाईनीला खिळलंय. कॉन्फिडन्स गेलाय त्याचा."

मामा म्हणायचे, "कॉन्फिडन्स कुटं जातोय? त्याला नजर लागली हाय. तुमीच लावली असंल, एवढं टक लावून बघत बसता."

"बघायला नको व्हय? आमच्याकडं पेठेतली म्हातारी माणसं कीपरच्या मागं उभी राहून शिव्या घालत्यात. तवा कुठं कीपर तयार होतो."

"मंग घाला तुमी पण. मी कुटं अडवलंय?"

"ह्याला न्हाई घालवत ओ. तोंड बघितलं की."

मंग दोघं चणे खायचे.

मामांनी आईला सांगून माझी मीठमिरचीनं दृष्ट काढून घेतली. सरांनी मला मॅचच्या आधी डोळे मिटून सावकाश श्वास घ्यायला शिकवलं. मी दोन्ही केलं. एकाचं दुसऱ्याला सांगितलं नाय.

जाळीबद्दल विचारलं म्हणून सांगतो. आमच्या मैदानावर नुसते खांब होते. बॉल गोलमध्ये गेला की खाडीच्या चिखलात जायचा आणि मला आणायला लागायचा. म्हणून मामांनी जुनं मासळीचं जाळं आणून दोन्ही गोलना बांधलं. आमच्या घरात, म्हंजे मामांच्या घरात, जाळं सांधताना खालचा एक कोपरा सोडतात. आजोबा पण सोडायचे. मामा म्हणतात सगळंच बंद केलं तर येणारं पण येत नाय. कोळीवाड्यात बाकी कोण असं करत नाय, यांच्याच घरात हाय. तसा मामांनी गोलला पण सोडला. माझ्या उजव्या हाताला, खांबाच्या पायाशी. बॉल निघंल एवढा.

सर रोज सांगायचे, "दयारामभाऊ, ते भोक शिवा. एक दिवस घात करंल."

"सर, तुमच्या कोल्हापुरात दर्या हाय का?"

"रंकाळा हाय."

"मंग चहा वता."

मागच्या आठवड्यात उलव्याच्या अकॅडमीचे शार्दूल कोच आमची प्रॅक्टिस बघायला आले. जाताना मला म्हणाले, पुढच्या बुधवारी सकाळी ट्रायलला ये. घेतलं तर तिथंच राहायचं, खायचं, खेळायचं. मी मान हलवली. ते गेले. मंग कट्ट्यावर नवीन वाद सुरू झाला.

मामा म्हणाले, "विमानतळाला जमिनी घेतल्या, आता कीपर पण घ्या."

सर म्हणाले, "पोरगं पुढं जाईल, दयारामभाऊ."

"पुडं म्हंजे किती पुडं? उलवाच ना? ते तर हितून दिसतंय."

"दिसतंय तर रडताय कशाला?"

"रडतंय कोण? चणा तिखट हाय."

मामांनी मला त्या दिवशी एवढंच सांगितलं की बुधवारी मार्केटला गर्दी असते, बर्फ कोण फोडणार. मी मान हलवली. मी दोन्ही वेळा मान हलवली हे मला माहीत हाय.

काल रविवारी आमच्या मैदानावर फायनल होती. समोर तीच उलव्याची टीम. मॅच एक-एक अशी बरोबरीत होती आणि शिट्टी वाजायला थोडाच वेळ राहिलेला. त्यांच्या दहा नंबरनं खालून उजव्या कोपऱ्याला मारला. मी पडलो, माझी बोटं पण लागली. पण बॉल खांबाच्या आतून लाईन ओलांडून गेला आणि त्या सोडलेल्या कोपऱ्यातून सरळ मागं निघून गेला. लांबून बघणाऱ्याला वाटलं की माझा हात लागून खांबाच्या बाहेरून गेला. रेफ्री लांब होते. त्यांनी कॉर्नर दिला. आमच्या पोरांनी मला उचललं. मागं कट्ट्यावरून मामांचा आवाज आला, "बघा सर, बघा, ह्याला म्हनतात कीपर."

उलव्याची पोरं रेफ्रींना घेरून उभी राहिली. मंग रेफ्री माझ्याकडं आले आणि म्हणाले, सगळ्यात जवळ तू होतास, आत गेला का?

मी म्हणालो, गेला.

एवढंच बोललो. खोटं बोलायचं तर आधी मनात काहीतरी जुळवावं लागतं, मला ते पटकन जमत नाय. रेफ्रींनी गोल दिला. आमी हरलो.

मॅच संपल्यावर मी हातमोजे काढत गोलमध्येच बसलो होतो. मामा आले. मामांनी मला नेहमीसारखी बाला म्हणून हाक मारली नाय, परेश म्हणून मारली. म्हणाले, "बुदवारची सोय केलीस ना? उलव्याला जायचं म्हनून गोल दिलास."

मी दुसरा हातमोजा काढला.

तेवढ्यात सर आले. म्हणाले, "दयारामभाऊ, आपल्याच पोराला काय बोलताय? पेठेत असता तर ह्याची मिरवणूक काढली असती."

मामा म्हणाले, "पेठेत न्या मंग त्याला. पनवेलचं मीठ कशाला खाल्लं त्यानं?"

सर विम्याच्या गिऱ्हाईकाशी बोलावं तसं शांत बोलत होते, आरडाओरडा केला नाय. जाळीबद्दल तर एक शब्द काढला नाय. रोज सांगायचे, काल एकदा पण नाय. त्यांनी फक्त मान वळवून त्या कोपऱ्याकडं बघितलं. मामांनी त्यांना बघताना बघितलं.

मंग मामांनी धक्का मारला. दोन्ही हातांनी, छातीवर. सर मागं, फायनलसाठी घातलेल्या मंडपाच्या खुर्च्यांवर पडले. एका खुर्चीचा पाय मोडला आणि सरांचा चष्मा सरांच्याच अंगाखाली आला. सर उठले आणि हातातला थर्मास फिरवला. तो मामांच्या भुवईला लागला. रक्त आलं. चहा गरम नव्हता. त्यानंतर दोघांनी एकमेकांना काय केलं नाय, कारण सरांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं आणि मामा खाली बसून डोळ्यातलं रक्त पुसत होते. मी माझे हातमोजे मामांच्या भुवईवर दाबून धरले. मंडपवाल्यानं खुर्चीसाठी पोलिसांना फोन लावला.

पहिला हात कोणी उचलला हे मॅडमनी मला दोनदा विचारलं. मामांनी उचलला. मी हातभर अंतरावर होतो.

हे सांगायला माझ्यावर कोणाचा दबाव हाय का, असंही विचारलं. आज सकाळी आईनं मला सांगितलं की मामांचं नाव घेऊ नको, भाकरी तिकडूनच येते. ठाण्याच्या दारात इंगवले सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "भावा, लिहून दे की मी पाय घसरून पडलो. भुईच तसली हाय तुमची." मामा बाकावरून ऐकत होते. मामा म्हणाले, "काय नको. तो खरंच सांगंल. आता सवय लागली हाय त्याला." पण म्हणताना हसले. काल संध्याकाळपासून पहिल्यांदा.

मी आत बसल्यावर मॅडमना दोनदा उठून बाहेर जायला लागलं, कारण बाकावर आवाज वाढलेला. मला आतपर्यंत ऐकू येत होतं. त्या बॉलला मी एका हातानं गेलो ते बरोबर की दोन हातांनी जायला पायजे होतं, यावर ते चालू होतं. सर म्हणत होते, मागच्या महिन्यात याची बोटं पण लागली नसती, पोरगं सुधारलंय. मामा म्हणत होते, सुधारलंय ते तुमच्यामुळं नाय, मिरच्यांमुळं.

एक गोष्ट विचारली नाय, पण सांगतो. आज ठाण्यात यायच्या आधी मी मैदानावर गेलो होतो. खांबाच्या पायाशी कोपरा शिवलेला होता. नवीन पांढरी सुतळी होती आणि गाठ मामांची होती, ती मी कुठंही ओळखतो. त्यांच्या घरात आजोबांपासून हा कोपरा कोणी शिवला नव्हता. मी गाठ ओढून बघितली. मंग आलो.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाय. सरांची मामांविरुद्ध नाय, मामांची सरांविरुद्ध नाय, असं दोघं बाकावर बोललेत, मॅडमनी त्यांना पण विचारावं. मंडपवाल्याची हाय, पण खुर्चीचा पाय मी तारेनं बांधून दिलाय आणि ती आता उभी राहते.

शेवटी मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, हे दोघं एवढे भांडतात, पण तुला स्वतःला काय पायजे?  मी सांगायला लागलो तसं मॅडमनी पेन परत उचललं.

मला बुधवारी ट्रायलला जायचंय. पहाटे बर्फ फोडून मंग जाईन. काल मी गोल गेला म्हणालो ते गोल गेला म्हणून, उलव्यासाठी नाय. उलव्याला घेतलं तर राहीन. नाय घेतलं तर इथं हायच. घेतलं तरी सुट्टीला येऊन कट्ट्यावर बसेन, चणे खाईन. मला भीती वाटते, ती गेली नाय, पण जायचंय. मामांनी आणि सरांनी दोघांनी पण ट्रायलला यावं. एक इकडच्या गोलमागं आणि एक तिकडच्या असं करू नये. दोघांनी माझ्याच मागं उभं राहावं आणि बोलत राहावं. काय पण बोलावं, शिव्या घातल्या तरी चालेल. मागं कोण बोलत नसलं की मला गोल केवढा हाय ते कळत नाय.

मॅडमनी हा जबाब मला पहिल्यापासून वाचून दाखवला. मॅडमचा आवाज मोठा हाय आणि दार उघडं होतं, त्यामुळं बाकावर पण ऐकू गेला. धक्क्याचं वाचून झाल्यावर मामा बाहेरून म्हणाले, "खरं हाय." बर्फाचं वाचून झाल्यावर म्हणाले, "मॅडम, बुदवारचा बर्फ मी फोडतो असं लिवा. तो ट्रायलला ताज्या हातानं जाऊ दे." मॅडम म्हणाल्या, जबाब त्याचा हाय, तुमचा नाय, तुमाला त्यात लिहिता येत नाय. सर म्हणाले, "लिहा ओ मॅडम, मी साक्षीदार."

मॅडमनी मला विचारलं, ठेवू का? मी ठेवा म्हणालो. तेवढं एक वाक्य माझं नाय. बाकी सगळं मी सांगितलं तसंच लिहिलंय, ऐकलं, बरोबर हाय, म्हणून खाली सही करतो.

परेश धनेश तांडेल