पांढऱ्या डोळ्यांच्या मुली

मर्व्ह : कुणाचा विश्वास बसणार नाही डेस, पण त्या फळमाशीच्या नराला मी पोर्ट वाईन पाजली. काडीच्या टोकावर एक थेंब. मेलेला उठून बसला!

डेस्पिना : मर्व्ह, गोष्ट नकोय मला. उत्तर हवंय. बाकीच्या सगळ्या कुप्या कोऱ्या राहिल्या, आणि या एकाच कुपीत अळ्या कशा झाल्या?

मर्व्ह : तेच तर सांगतोय. तुझा नर बाप झाला. पेढे वाट. नाहीतर तुझ्या ग्रीक आजीची ती तीळ लावलेली बिस्किटं आण.

डेस्पिना : तो बाप होऊच शकत नाही. त्याचा तो आरएनए मी बंद केलाय.

मर्व्ह : कुठला? ती टकळी? पाच अक्षरं, परत तीच पाच, परत तीच, पानंच्या पानं? अगं, मी या प्रयोगशाळेचा प्रमुख होतो तेव्हा आम्ही त्याला सरळ कचरा म्हणायचो.

डेस्पिना : म्हणत होतात. त्या कचऱ्यावरून उतरणारी आरएनएची नक्कल नराच्या वृषणात थांबवली, की शुक्राणूच्या डोक्यात डीएनएचं गाठोडं नीट आवळलंच जात नाही. आणि सुटलेलं गाठोडं घेऊन कुणी मुक्कामाला पोचत नाही. मी ते रोज भिंगाखाली बघते.

मर्व्ह : आणि एका थेंबात सगळं आवळलं गेलं! काय वाईन होती, सांगतो—

डेस्पिना : हसू नका. शुक्रवारी हेलनसमोर उभं राहायचंय मला, आता प्रमुख ती आहे. तिनं स्वच्छ सांगितलंय, एक जरी कुपी फळली तर दावा मागे घ्यायचा आणि दुसरा विषय शोधायचा.

मर्व्ह : मग शोध की. तरुण आहेस.

डेस्पिना : नाही. हाच विषय. पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं तरी हाच. आता नीट सांगा, त्या रविवारी काय झालं? मी आजीकडे ईस्टरला गेले होते. माद्या वेचायचं तुमच्या हवाली केलं होतं.

मर्व्ह : आणि मी वेचल्या! सकाळी कुपी झटकून रिकामी केली, एकूणएक माशी बाहेर. मग कोषांतून नव्या माद्या निघत गेल्या तशा कुंचल्यानं अलगद उचलल्या. आठ तासांच्या आत, कुणाशी जुगायच्या आधीच. भावांचा वारासुद्धा लागू दिला नाही. चाळीस वर्षांत माझ्या हातून एकही बाटलेली मादी सुटलेली नाही, विचार कुणालाही.

डेस्पिना : दुपारी कुठे होतात?

मर्व्ह : इथंच. या स्टुलावर. पाठ धरली तरी हललो नाही.

डेस्पिना : त्या सोमवारी तुमचं नाक सोललेलं होतं. उन्हानं.

मर्व्ह : मायक्रोस्कोपच्या दिव्यानं! तासन्‌तास वाकून बसलं की भाजतं माणूस. नव्या पोरांना काय कळणार.

डेस्पिना : आणि शेवटच्या मिनिटाचा तो गोल? चेंडू खांबाला घासून गेला, पंच उगीच हात वर करत होता, हे सोमवारी सगळ्या मजल्याला कोण सांगत होतं?

मर्व्ह : रेडिओ! रेडिओवर असं वर्णन करतात की डोळ्यांसमोर उभं राहतं. ते जाऊ दे. नराचं ऐक. माद्यांबरोबर ठेवताना तू गुंगीचा गॅस जरा जास्त सोडला होतास, तो उताणा पडलेला. मी थेंब ठेवला. आधी एक पाय हलला, मग दुसरा. मग एक पंख पसरून असा गायला, असा गायला, की माद्यांनी रांग लावली!

डेस्पिना : रांग.

मर्व्ह : शिस्तीत! शेवटची तर ताटकळून पुढचे पाय चोळत बसली होती. बघशील तू, मुली कशा निघतात. बापासारख्या, लालभडक डोळ्यांच्या. निखारे!

डेस्पिना : निघायलाच हव्यात.

मर्व्ह : म्हणजे?

डेस्पिना : या वेळी मी माद्या पांढऱ्या डोळ्यांच्या घेतल्या होत्या. माझे नर लाल डोळ्यांचे. तो रंग बाप प्रत्येक मुलीला देतो, एकीलाही सोडत नाही. म्हणजे बाप माझा नर असेल, तर सगळ्या मुली लाल, मुलगे मात्र आईसारखे पांढरे.

मर्व्ह : पांढऱ्या डोळ्यांच्या? मला कुणी बोललं नाही.

डेस्पिना : चिठ्ठी कुपीवरच होती. आणि त्यांच्या घरच्या कुपीतले भाऊ, तेही पांढऱ्याच डोळ्यांचे.

मर्व्ह : डेस, चहा घेऊ या का आधी? माश्या कुठे पळून जातायत?

डेस्पिना : सकाळीच कोषांतून बाहेर पडल्यात त्या. बसा तुम्ही. सरकवा तो दिवा इकडे.

(गॅसचा बारीक फुत्कार. मग बराच वेळ कुंचल्याची खसखस.)

मर्व्ह : काय दिसतंय? वाईन जुनी होती हां, त्यानं रंग थोडा इकडेतिकडे होऊ शकतो. एकदा तर माझ्याकडे निळ्या डोळ्यांची—

डेस्पिना : पांढरी. पांढरी. ही पांढरी. हीसुद्धा.

मर्व्ह : मुलगेच असतील ते. म्हातारा झालो तरी मला—

डेस्पिना : मुली आहेत, मर्व्ह. सगळ्या. माझा नर यांचा कुणीच लागत नाही; बाप त्या घरच्या कुपीतलेच भाऊ. आणि तुम्ही त्या दुपारी ओव्हलच्या मैदानावर मॅच बघत होतात.