रफिकभाईंनी शोधलेला प्रोग्राम

भाभी, आणि या शोकसभेला जमलेले रफिकभाईंचे शेजारी, विद्यार्थी,

माझं नाव सुधाकर. मला बोला म्हणले तेव्हा मी न्हाई म्हणालो. मंग वाटलं, आज बोललो न्हाई तर कधीच बोलणार न्हाई.

पुण्यात रफिकभाई आणि मी शेजारी-शेजारी बसायचो. दोघं जालन्याचे, म्हणून डबाही एकत्र. एका विमा कंपनीच्या लाखो पॉलिसी ज्या मोठ्या मशीनवर चालायच्या, ती मेनफ्रेम आम्ही सांभाळायचो.

एकदा सकाळचं काम दुपार झाली तरी संपेना. कुठला तरी प्रोग्राम सगळा सीपीयू, म्हणजे मशीनची ताकद, खात होता. कुठला, ते कुणालाच कळेना. रफिकभाई तीन दिवस एकेक प्रोग्राम तपासत बसले. मशीन कोणत्या ओळीवर जास्त वेळ अडकतं, ते बघत राहिले. चौथ्या दिवशी मला बाजूला घेतलं.

म्हणाले, "सुधाकर, तुझाच प्रोग्राम हाये. दर पॉलिसीला तू तीच यादी पहिल्यापासून धुंडाळून राह्यला. यादी क्रमानं लाव, मधून शोध सुरू कर. जल्दी कर, कुणाला सांगत न्हाई मी."

मी केलं. काम सकाळीच संपायला लागलं.

मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, हे कुणी शोधलं? मी म्हणालो, मी. रफिकभाई शेजारीच होते.

पुढं कंपनीनं माणसं कमी केली. साहेबांनी मला विचारलं, "रफिकनं यंदा काय काम केलं?" मला सगळं माहीत होतं. मी म्हणालो, "बराबर सांगता येणार न्हाई."

एवढंच बोललो मी. त्यांची नोकरी गेली. ते जुन्या जालन्यात परत आले आणि कॉम्प्युटरचा क्लास काढला. तुम्ही तिथंच शिकलात.

मागच्या साली राजूरला गणपतीच्या दर्शनाला आल्तो, तेव्हा त्यांच्या घरी गेल्तो. कबूल करायचं ठरवूनच गेल्तो. भाभींनी जेवू घातलं. रफिकभाई विचारत होते, "तुझं काम कसं चाललंय? पोरं कशी हायेत?" मी जेवलो आणि निघालो.

ते गेल्याचं कळलं, तेव्हा मी साहेबांना फोन करून खरं सांगितलं. ते म्हणाले, "आता काय उपयोग?"

भाभी, माफी मागायला मला तोंड न्हाई. पण या पोरांना कळलं पाहिजे. तुमच्या सरांना काम येत नव्हतं म्हणून त्यांची नोकरी गेली न्हाई. मी गप्प बसलो म्हणून गेली.

आता आपण सगळे थोडा वेळ शांत उभे राहू. रफिकभाई, सलाम.