छपराला डोळे असलेलं शहर

थांब, थांब, मागे घे — त्याच्या आधीचा — हां, हाच! हा कौन्सिल टॉवर. बघ, म्हटलं नव्हतं तुला? काल तुझ्या स्टेटसला दिसला आणि माझं दूध उतू गेलं. अगं बाई, म्हटलं, हा तर आमच्या सम्यकचा टॉवर, दिपालीच्या मोबाईलमध्ये कुठून आला? तू नीट बस गं, अशी सोफ्याच्या कडेला नको बसूस. चहा होतोच आहे. तर ह्या टॉवरच्या खालून एक बोळ जातो, बरोबर? अलीकडे मोठा चौक, पलीकडे लहान चौक. मोठ्या चौकात तो पिवळा राजवाडा, म्हणजे आता म्युझियम आहे म्हणे. बघ, मला सगळं येतं. हे मला चिडवतात, व्ही.टी. स्टेशनाला आयुष्यात कधी मान वर करून बघितलं नाहीस आणि रोमानियातले टॉवर तोंडपाठ! आता व्ही.टी.ला मान वर करून चाललं तर मागचा माणूस येऊन धडकतो, त्याला मी काय करू?

नाही, वही दाखवते थांब. ही. हसू नकोस हं. सम्यक फोटो पाठवतो तसं मी लिहून ठेवते, नाहीतर नावं राहत नाहीत. सिबियू — हे पहिल्या पानावर. मला आधी सिबिल ऐकू यायचं, ते बँकेवाले म्हणतात ना, तसं. हे मोठं चर्च, उंच कळस, कळसाच्या चार कोपऱ्यांना चार छोटे कळस. ही जुन्या तटाची भिंत, तिला बुरूज — एक कुंभारांचा, एक सुतारांचा. त्या त्या धंद्याच्या लोकांनी आपापला बुरूज सांभाळायचा, शत्रू आला की कुंभारांनी कुंभारांच्या बुरजावर चढायचं. मी म्हटलं, अरे आपल्याकडे कुंभारांना गावात आळी दिली, तिकडे बुरूज दिला! तर तो हसला, म्हणाला, आई, कौलंवाल्यांचा बुरूज कुठे दिसला नाही अजून, दिसला की सांगतो.

आता बोललेच आहे तर सांगते. सोसायटीत मी सांगते ना, सम्यक आर्किटेक्चरच्या कामात आहे — ते खोटं नाही गं, म्हणजे अगदी खोटं नाही. जुन्या इमारतींचंच काम आहे. पण तो कौलं बसवतो. छपरावर चढून जुनी कौलं उतरवायची, फुटकी बाजूला, चांगली पुन्हा लावायची. तिथे नवीन चालतच नाहीत म्हणे जुन्या घरांना, त्याच रंगाची, त्याच घडणीची लागतात. आमचे सासरे, महादू नाव त्यांचं, मे महिन्यात अख्ख्या गावाची कौलं परतायचे. पण गावातल्या काही घरांत त्यांनी छपरावर चढलेलं चालायचं आणि उंबऱ्याच्या आत आलेलं चालायचं नाही. म्हणून त्यांनी ह्यांना शाळा शिकवली आणि सांगितलं, तू कोणाच्या छपरावर जाऊ नकोस. आणि नातू कुठे गेला बघ. चढला तिथे छपरावर. पण सम्यक म्हणतो, आई, इथे काम झालं की घरमालकीण आत बोलावते, टेबलाशी बसवून सूप देते. मी ह्यांना सांगितलं, तर हे उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग स्वतःच म्हणाले, बाबांना सांगायला हवं होतं.

घे, चहा. साखर कमी टाकलीय.

आणि ही घरं! टूरवाल्यांनी तुम्हाला दाखवली की नाही, डोळ्यांची घरं? हा, हा बघ तुझ्याच फोटोत आहे! छपरातच दोन फटी, वर पापणीसारखी वळलेली कौलं, अगदी अर्धवट झोपेतले डोळे. माळ्याला हवा लागावी म्हणून ठेवलेत, सम्यकने सांगितलं. पहिल्यांदा फोटो आला तेव्हा मला जरा भीतीच वाटली. मग सवय झाली. मग तर बरं वाटायला लागलं — आपण इथे मुलुंडला, पोरगा तिकडे एकटा, पण निदान अख्खं गाव त्याच्याकडे बघतंय. वेडेपणाच आहे. घरं कुठे बघतात.

तो खोट्याचा पूल बघितलास का? लोखंडी, फुलं सोडलेली असतात कठड्याला. त्यावर उभं राहून कोणी खोटं बोललं तर पूल कुरकुरतो म्हणतात. सम्यकने तिथून व्हिडिओ कॉल केला होता. म्हणाला, आई, विचार काहीही, इथे खोटं बोलता येत नाही. आता एवढी संधी मिळाली तर माणसाने काय विचारावं? मी विचारलं, जेवलास का? तो म्हणाला, हो. बस. झालं. तुला नाही वाटत मी दुसरं काही विचारायला हवं होतं? म्हणजे थंडीत छपरावर बोटं चालतात का. कमरेला पट्टा बांधतोस का. तुला अजून तिथे राहायचंय का. पण तो कधी असल्या गोष्टींवर येऊच देत नाही गं. मी म्हणायचं, बारीक झालास, तो म्हणणार, आई, हा जिना बघ, चारशे-पाचशे वर्षांचा. मी म्हणायचं, आवाज का बसलाय, तो म्हणणार, ही कमान बघ. माझी वही भरत गेली आणि त्याचं मला काहीच कळत नाही.

त्याला जायचं नव्हतं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. लहानपणी आमच्या जुन्या बिल्डिंगच्या टाकीवर मुलं पतंग उडवायला चढायची, हा खाली उभा राहून मांजा धरायचा. उंचीची भीती त्याला. लोखंडी शिडी दिसली की हाताला घाम यायचा. आणि इथे दोन वर्षं घरी बसून होता, एक नोकरी सहा महिने, दुसरी तीन, मग नुसता गादीवर, मोबाईल तोंडावर. मला बघवेना. ते रोमानियाचं आलं तेव्हा म्हणाला, आई, उंचावर काम आहे. मी काय म्हणाले माहितीये? मी म्हणाले, तुझे आजोबा अनवाणी चढायचे, तुला तर बूट देणारेत. हसत म्हणाले गं. चेष्टेत. तो पण हसला, आणि गेला.

आता समोरच्या बिल्डिंगला रंगकामासाठी बांबूची परांची लागलीय ना, मी ह्या खिडकीचा पडदा लावून ठेवते. तिकडे लोखंडी पाइपाची असते म्हणे, पक्की. मला सगळं पक्कंच सांगतो.

तर तुला बोलावलं ते ह्याच्यासाठी. नऊ दिवस झाले, व्हिडिओ कॉल नाही. कापतो. साधा फोन केला तर वाजत राहतो, मग मेसेज येतो, आई, कामात आहे. पण फोटो रोज येतात हं! हे बघ. हे सगळे नऊ दिवसांतले. सकाळचा. दुपारचा. हा संध्याकाळचा. एकाच खिडकीतून, एकच छप्पर, तेच दोन डोळे. मी म्हटलं, खोली बदललीस का, तर म्हणाला, हो. आता तू तिथे होतीस, अगदी त्याच दिवसांत — म्हणून वाटलं, तुझ्या फोटोंत मागेबिगे कुठे दिसतोय का बघावं. नारिंगी टोपी असते डोक्यावर, प्लास्टिकची. आपलं मराठी पोर लांबूनही ओळखू येतंच ना? उभं राहायची पद्धत असते आपली. कमरेवर एक हात ठेवून उभा राहतो तो, ह्यांच्यासारखा.

कुठे, मोठं कर ना. नाही, हा नव्हे. हा तर गोरा आहे. पुढे. हे तुमचं जेवण. पुढे. हा — हा थांब! ही गल्ली. हीच ती! हा फळ्यांचा निळा दरवाजा आणि ही वेल, हे त्याच्याच कामाचं घर, त्याने पहिल्या दिवशी पाठवलं होतं, वहीत आहे बघ, पान — जाऊ दे पान. ही परांची, हे पाइप. वर कोणी नाही. हा फोटो रविवारचा ना, बरोबर, रविवारी कोण असणार. ही लाल-पांढरी पट्टी कसली बांधलीय गं आडवी? रस्ता बंद?

काय झालं?

नाही, तू काहीतरी म्हणणार होतीस. तू मोबाईल उलटा का ठेवलास? दिपाली. गाईडने काय सांगितलं? ह्या गल्लीतून का नाही नेलं तुम्हाला?

कोण पडलं?

अगं कामगार तर पुष्कळ असतात. तिथे नेपाळचे आहेत, श्रीलंकेचे आहेत, तिथले स्वतःचे आहेत. गाईडला काय माहीत, ते ऐकीव सांगतात. आणि पडलं म्हणजे — कधी म्हणाला? आदल्या दिवशी. म्हणजे त्या शनिवारी, नऊ दिवसांपूर्वी. शनिवारी दुपारी नाही ना, शनिवारी दुपारी माझं बोलणं झालंय त्याच्याशी. म्हणजे बोलणं नाही, मेसेज. थांब, दाखवते तुला, शनिवारचा आहे माझ्याकडे, त्याच्यानंतर त्याने — चष्मा कुठे गेला — डोक्यावरच आहे. हे बघ. शनिवार. आपले पावणेपाच, म्हणजे तिकडचे सव्वादोन. त्याचा मेसेज. वाच. नाही, मीच वाचते. «आई, पडलोय मी.» बघ. जेवून जरा पडला होता. शनिवारी अर्धा दिवस असतो त्यांना. मी लिहिलंय, «पड रे बाळा, पड. दिवसभर पडून राहा. अजिबात उठू नकोस.» आणि पुढे ते झोपलेल्या पिल्लाचं चित्र टाकलंय.

आई, पडलोय मी.

त्याच्यानंतर खूप वेळ ते टायपिंग, टायपिंग येत होतं. येत होतं, जात होतं. मी भाजी निवडत होते, मधे मधे बघत होते. म्हटलं, एवढं मोठं काय लिहितोय हा. आणि मग हे आलं बघ. «हो आई.» दोनच शब्द.

त्याने सांगितलं होतं गं. सांगितलं होतं त्याने मला. टॉवर नाही, कमान नाही, चौदा महिन्यांत पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी सांगितलं, आणि मी — मी त्याला पिल्लाचं चित्र पाठवलं. अजिबात उठू नकोस म्हणाले. एक शब्द जास्त लिहिला असता. वरून पडलो म्हणाला असता. पण त्याची काय चूक, हात दुखत असेल, एका हाताने लिहिलं असेल. मीच कशी — आपण नाही का म्हणत, जरा पडते, पडलीस का गं, पड थोडा वेळ — दिवसातून दहा वेळा म्हणतो, कोण ह्याच्यात घाबरतं?

नको, पाणी नको. हा फोटो बघ परत. खिडकीचा. ही बाजूला सळई दिसतेय ना, वरती वाकलेली? मी पडद्याची समजत होते. पडद्याची नाहीये ना ती. तुझी आई होती ना हॉस्पिटलात, तू बघितलीयस. सांग ना, सलाईनची आहे ना? मान तरी हलव. — हां.

नऊ दिवस. नऊ दिवस मी विचारतेय, जेवलास का, आणि तो छपराचे फोटो काढतोय पडल्या पडल्या.

आता कोणाला विचारायचं मी? त्या कंपनीवाल्यांचा नंबर नाही माझ्याकडे. असता तरी कोणत्या भाषेत बोलू? मला गुड मॉर्निंगच्या पुढे येत नाही. ह्यांना सांगितलं तर हे नुसते भिंतीकडे बघत बसतील, ते मला सोसायचं नाही. पासपोर्ट माझा काढलेलाच नाही. असता तरी — गावाचे सगळे बुरूज येतात गं मला, तिथलं हॉस्पिटल कुठे आहे ते कुठे माहितीये? ते त्याने कधी दाखवलंच नाही. ते बघण्यासारखं नसेल.

नको, तू नको लावूस, तुझ्या फोनवरून नंबर अनोळखी दिसेल, उचलणार नाही. मी लावते. साधाच लावते, व्हिडिओ नको, त्याला लपवायला लागेल. वाजतोय. थांब ना जरा, एकटी नको सोडूस. वाजतोयच. उचलणार नाही बघ, आता मेसेज येईल, आई कामात —

हॅलो? सम्यक? उचललास रे! — नाही, नाही, काही नाही, असाच केला. — हो, जेवले. हे पण जेवले, कामावर गेलेत. — मी एकटीच आहे. — हां. हां, बघितला ना आजचा. छान आहे. ऊन छान पडलंय कौलांवर. — हो का, दीडशे वर्षांचं? — हां. — नाही रे, आवाज ठीक आहे माझा, चहा गरम होता. — सम्यक, ऐक ना. नाही, ते टॉवरचं मग सांग, वहीत लिहून घेईन मी. आधी एक काम कर माझं. तू उभा राहा बघू जरा. — काही नाही, सहज. आईने सांगितलंय म्हणून. उभा राहा आणि बोल माझ्याशी. — हं. मी थांबते. सावकाश.

सम्यक?

उठता येत नाही ना? पडूनच सांग, बाळा. — दिपाली, तू जा गं आता. दार ओढून घे.