थ्रेशर पल्याड, ट्रॅक्टर अल्याड

आर्वीच्या बसस्टँडवर सुधाताई आष्टीच्या गाडीची वाट पाहत बसल्या होत्या. मागच्या बाकावर पुनाजी आपल्या वयनीला, पंचफुलाला, रंगात येऊन सांगत होता.

"वावर धरणाच्या पल्याड, तिकडे रस्ताच नाई. मंग पान्यात दोन डोंगे जोडून बांधले वयनी, अन् वर थ्रेशर चढवलं!"

"अगं माय! बुडलं असतं म्हंजे?"

"मधात गेलो तं डाव्या अंगाले कललं. डोंग्यावरचा नागेश वरडला, उजवीकडे सरका!"

"मंग?"

"सारेच सरकले! थ्रेशर उजव्या अंगाले!"

"भाऊजी!"

"पण पोचवलं ना! काठावर नारळ फोडला. आता चण्याच्या ढिगाजवळ नवरदेवावानी उभं हाय."

आष्टीची गाडी लागली. सुधाताई जागच्या हलल्या नाहीत.

"अन् थे चालते कायनं?" पंचफुलानं विचारलं.

"ट्रॅक्टरनं."

"ट्रॅक्टर कुठं हाय?"



"अल्याडच राह्यला."

"मंग आता?"

"आता चार डोंगे लागतीन. तुमच्या भावापाशी दोन हायेत. थे मांगायले म्हनून तं तुमाले संग आनलं!"

"देते तो. पन भाऊजी, पानी वलांडताना ट्रॅक्टरवर मी बसीन!"