श्रीलंकेतला उजवा बूट

तुमाला ठावं हाय, फौजेत पाय मोडल्यापासनं माझा उजवा पाय दोन बोटं आखूड हाय. म्हनून त्या पायातल्या बुटाला जाड तळ शिवून घेतलाय. वडूजच्या भांडीवाल्या युसूफसंगं श्रीलंकेला गेलो, तवा सगळा जीव त्या बुटात. चर्चमदी बूट काढाय लागले न्हाईत, तिथं काय ते देवाकडं ध्यान गेलं. मुरुगनाचं, म्हंजे आपल्या कार्तिकस्वामीचं देऊळ, मशीद, बुद्धविहार, बाकी सगळीकडं मी आपल्याकडच्यासारखंच केलं: एक बूट ह्या कोपऱ्यात, दुसरा पार त्या टोकाला. म्हंजे जोड चोरीला जात न्हाई.

विहारातनं भाईर आलो तर उजवा गायब. मी तिथंच मटकन खाली बसलो.

"युसूफ, आता मी घरला कसा जायाचा रं?"

युसूफ शोधाय गेला. झाडनाऱ्या बाईनं सुटा बूट बघून, कुनाचा तरी हरवला असंल म्हनून आत जपून ठेवला होता. बूट पायात गेला तवा कुठं माझ्या जिवात जीव आला.

माझ्या बुटाची नाडी बांधत युसूफ म्हनला, "लांब लांब कशाला ठेवतोस गड्या? ह्यो बूट चोरायला चोर बी उजव्याच पायानं लंगडा पायजे."